पोट आत घ्या

चि. ठमूस मामाचे भरभरून आशीर्वाद.

तुझ्या आईचा गुडघा काय म्हणतो? तिला सांग, पायऱ्या मोजत बसू नकोस, चढ. बाबांचा खोकला गेला, की अजून पाहुण्यांना उठवायच्या कामी येतो? जावईबापूंची सर्दी, धाकटीचे दात, सगळं सविस्तर कळव. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. (मामीच्या मते मी जरा जास्तच.)

बातमी अशी, की चाळीस वर्षं भिंगं घासणारा तुझा मामा, ज्याने कॉलेजचं दार आजवर फक्त दुर्बिणी दुरुस्त करायला ओलांडलं, तो आता तिथे भिंगांची रचना शिकवतो. मुलं कॉम्प्युटरवर भिंग काढतात, त्यातून रंगीत किरण सोडतात आणि ते नेमक्या ठिपक्यावर जुळतात का बघतात. भिंगाच्या फुगीर बाजूला आम्ही घासणारे पोट म्हणतो. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे किरण ठिपक्याच्या अलीकडेच जुळत होते, म्हणून मी म्हणालो, "पोट जरा आत घ्या." चौदाच्या चौदा मुलं श्वास रोखून ताठ बसली. (मागे उभ्या असलेल्या प्रयोगशाळेच्या साहेबांनीही घेतलं, पण त्यांना फारसं जमलं नाही.)

परवा एका मुलीने किरण असे जुळवले की वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी चष्मा पुसून पाहिलं, तर भिंगाच्या दोन्ही बाजू काठाजवळ एकमेकींच्या आरपार गेलेल्या. म्हटलं, "बाई, हे घासायला घेतलं तर काठच उरणार नाही."

"पण काका, कॉम्प्युटर काही बोलला नाही."

"तो कशाला बोलेल? त्याला कुठे घासायचंय?"

मग खिशातलं भिंग तिच्या तळहातावर ठेवलं, काठावरून बोट फिरवायला लावलं. तिने भिंग जाड केलं. ठमे, हात थरथरायला लागून घासकाम सुटलं, तेव्हापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं. पुढच्या सोमवारी विभागप्रमुख वर्गात येऊन बसणार आणि मला ठेवायचं की नाही ते ठरवणार. काळजी नसावी.

तुझा मामा

ता. क. प्रमुख म्हणतात, सोमवारी भिंग तुम्ही स्वतः कॉम्प्युटरवर काढून दाखवा. आजवर मी "तुम्हीच करा, हाताला वळण लागेल" असं म्हणत मुलांच्या मागे उभा राहिलो. माउसला अजून बोटही लावलेलं नाही. तुझं तर रोजचं कामच कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं. रविवारी सकाळीच ये, आणि शिकवताना ओरडू नकोस.

आणखी एक. उत्तर लगेच टाक, पण फोन नको. फोन मामी उचलते, आणि तिने शेजारच्या दोन आजीबाईंना उद्यापासून माझ्याकडे कॉम्प्युटर शिकायला बोलावलंय.