मर्विनचे काळे खांब

२ ऑगस्ट
संकल्प: नदीतलं मचाण या महिन्यात नव्याने बांधायचं. एकट्याने. १ सप्टेंबरला व्हाइटबेट, म्हणजे इवले नदीतले मासे, धरायचा हंगाम सुरू. त्याआधी २४ तारखेला काउन्सिलचा माणूस तपासणीला येणार. नापास झालो तर मचाण वेटिंग लिस्टवरच्या पुढच्या माणसाला. बायको नोलीन कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडतेय. मचाण तिच्या वडिलांचं, मर्विनचं. सहा वर्षांची असल्यापासून ती तिथे त्यांच्याशेजारी जाळं धरून बसायची. म्हणाली, खांब चांगले आहेत, फक्त वरच्या फळ्या बदल. भावना समजतो. पण भावनेवर मचाण उभं राहत नाही.

४ ऑगस्ट
लाकडाच्या ग्रेडचं माहितीपत्रक आणलं. निम्मं वाचलं. पुरे. एच-१ पासून एच-६ पर्यंत, म्हणजे पहिल्या वर्गापासून काठावर पासपर्यंत. क्राइस्टचर्चच्या शाळेत तीस वर्षं पेपर तपासले. ग्रेड म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये.

५ ऑगस्ट, सकाळी
वखारीत गेलो. काउंटरवर राएलीन. तिने विचारलं, लाकूड कुठे लावणार? म्हटलं, घरात. नदीत म्हटलं असतं तर तिने एच-५ गळ्यात मारलं असतं. पाचव्या वर्गाचा माल नदीकाठच्या भोळ्या लोकांना खपवतात, सगळं कळतं मला. एच-१.२ घेतलं. सुरेख गुलाबी. आणि चक्क एच-५ पेक्षा स्वस्त! गाढवाला गुळाची चव काय.

९ ऑगस्ट
जुने खांब उपटले. सहा. काळेकुट्ट, ओबडधोबड, एकावरही ग्रेडचा टॅग नाही. टॅग नाही म्हणजे ग्रेड नाही, ग्रेड नाही म्हणजे जळण. शेजारच्या मचाणावर हुहाना म्हातारी चहा पीत बघत होती. म्हणाली, मास्तर, कुजलेले असते तर हातात आले असते, मग घाम का फुटलाय? शेवटी तिच्याच ट्रॅक्टरने ओढावे लागले. लाकूड चिखलात अडकतं, एवढं साधं विज्ञान या लोकांना ठाऊक नाही. खांब तिने मागितले. म्हटलं, ने आणि चुलीत घाल. नोलीन ताट घेऊन बाहेर पायरीवर जाऊन जेवली.

१० ऑगस्ट
पितळी पाटीची ऑर्डर दिली. ‘पुनर्निर्माण: लेस्टर प्रिंगल.’

१४ ऑगस्ट
खांब उभे. दोन-दोन लाकडं जोडून. टॅग मुद्दाम बाहेरच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत म्हणून. कोपर दुखतंय. हातोडी निकृष्ट.

१८ ऑगस्ट
चार दिवस पाऊस. गुलाबी रंग उतरला. उतरला म्हणजे मुरला. हुहाना म्हणाली, मास्तर, तुमचं लाकूड आंघोळीला घाबरतं वाटतं. असल्या विनोदाला मी उत्तर देत नाही. (घरी येईपर्यंत एक उत्तर सुचलं होतं. पुन्हा एवढं लांब कोण जाणार.)

२४ ऑगस्ट
तपासणी. कालचं पोरगं. टॅग वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. कोणी बांधलं, विचारलं. मी ओळख करून दिली. म्हणाला, सर, हे भिंतीच्या आतलं लाकूड. पाण्याचा थेंब लागू नये अशा जागेचं. नंबर जितका मोठा, तितकी जास्त ओल सोसतं. नदीत एच-५ लागतं. मी म्हटलं, मग नंबर उलटे लावलेत तुम्ही, मंत्र्यांना पत्र लिहीन. म्हणाला, जरूर लिहा सर. आणि लिहिलं: नापास. फेरतपासणी ३१ ला, शेवटची.
नोलीन गाडीत बसून रडली. मर्विनच्या अंत्यविधीनंतर तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. माहितीपत्रकाचा टाइप फारच बारीक आहे.

२५ ऑगस्ट
राएलीनकडे एच-५ चे खांब संपलेत. दहा दिवसांनी येतील. पाचव्या वर्गाच्या मालावर अख्खा गाव तुटून पडतो, काय बोलावं. नोलीनने हिशेब केला: दहा दिवस म्हणजे ४ सप्टेंबर. मग कोट घालून बाहेर पडली.

२६ ऑगस्ट
नोलीन काल हुहानाकडे गेली होती. मी आज तिला घेऊन पुन्हा गेलो आणि गाडीतच बसलो. सहाही खांब ताडपत्रीखाली नीट रचलेले, हवा खेळावी म्हणून मध्ये मध्ये पट्ट्या घातलेल्या. एकही जाळलेला नाही. सिल्व्हर पाइन. असं लाकूड आता जंगलात मिळत नाही. चिखलात साठ-साठ वर्षं उभं राहतं म्हणे. हुहाना नोलीनला म्हणाली, ने गं पोरी, तुझ्या बापाचे आहेत, मी नुसते सांभाळले. काच खाली होती, मला ऐकू जावं म्हणून पुढचं मोठ्याने म्हणाली: मास्तर नापास होणार हे मला त्याच दिवशी कळलं होतं.
नोलीनने एका खांबावर गाल टेकला. मी रेडिओ लावला.

३१ ऑगस्ट
खांब परत त्याच भोकांत, वर फळ्या मी ठोकल्या. तपासनिसाने हातोडीने ठोकून पाहिलं, खणखणीत आवाज. टॅग विचारलाच नाही. मी लक्षात आणून दिलं की टॅग नाहीत. नोलीनने माझ्या पायावर पाय दिला, बुटासकट. पास. फॉर्मवर ‘बांधणाऱ्याचं नाव’ असा रकाना होता. तिने लिहिलं, मर्विन.

१ सप्टेंबर
नोलीन पहाटेपासून मचाणावर, वडिलांच्या जागेवर. दुपारपर्यंत अर्धी बादली मासे. मी येऊ का म्हणून विचारलं. म्हणाली, फळ्या तू ठोकल्यास ना? मग दोघांचं वजन नको, काठावरच थांब. हुहानाने व्हाइटबेटचं ऑम्लेट पाठवलं. मीठ कमी.
पाटी आज आली. पितळ उत्तम. गुलाबी लाकडाचं हॉलमध्ये पुस्तकांचं शेल्फ केलं, पाटी त्याच्यावर लावली. वखारीत सांगितलं तर राएलीन म्हणाली, घरातच लावायचं म्हणाला होतात ना, योग्य जागी गेलं.
शेल्फ डावीकडे कलतंय. जमीनच वाकडी असणार. हे घरही मर्विननेच बांधलेलं.