तेलाचा रंग

कोलकाता,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. श्याममामा यांना,

हर्षदचा नमस्कार. सुलभामामींनाही सांगा. बारा वर्षांनी माझं पत्र पाहून तुम्ही दचकाल. तुमचा फोन नंबर घरात कुणाकडे नाही. बिलासपूरचा पत्ता आईच्या जुन्या वहीत सापडला, तुम्ही अजून तिथेच असाल असं धरून लिहितोय. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, सांभाळून घ्या.

इकडे सगळे ठीक. बाबा पुढच्या वर्षी खिदिरपूरच्या कस्टममधून निवृत्त होतील. आईचे गुडघे दुखतात. नेहाताई पुण्यात असते, तिचा प्रथमेश चार वर्षांचा झाला. मी विमान दुरुस्तीचा कोर्स करत होतो, दुसऱ्या वर्षाला.

'होतो' असं लिहून गेलोच आहे, तर आता सांगतो.

मला ते काम फार आवडायचं. पहिले काही महिने नुसती कानस चालवायची. पट्टी काटकोनात येईपर्यंत बागचीसर दहादा परत करायचे. मग इंजिन उघडायचं, एकेक भाग मोजून पाहायचा, पुन्हा जोडायचा. बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्यातून तार ओवून तिला पीळ द्यायचा असतो. माझा पीळ सर इतरांना दाखवायचे. वायरींच्या रंगांत मी गोंधळायचो, पण त्यांवर आकडे छापलेले असतात, त्यावर निभावत होतं.

कालीपूजेच्या आधीच्या सोमवारी हँगरमध्ये एका छोट्या विमानाच्या नाकाखाली तेल ठिबकलेलं दिसलं. कसलं ते पाहून नोंद करायचं काम माझ्याकडे होतं. त्या विमानात ब्रेकच्या तेलाची डबीही इंजिनाच्या मागेच असते. ब्रेकचं तेल लाल, इंजिनाचं तपकिरी. मी बोटावर घेऊन पाहिलं आणि लिहिलं, 'इंजिन ऑइल, किरकोळ गळती.' सर दुसऱ्या कामात होते, त्यांनी माझ्या नोंदीवर भरवसा ठेवला.

दुपारी तपासणीसाठी इंजिन सुरू केलं. ब्रेक लागलाच नाही. चाकापुढचा ठोकळा निसटला, विमान पुढे सरकलं आणि पंखाच्या धक्क्याने अजेय पडला. अजेय माझ्याच वर्गातला. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. फिरता प्रोपेलर त्याच्यापासून चार हातांवर होता.

सरांनी तेल पुसलेलं फडकं माझ्यासमोर धरलं. "हे लाल तेल तुला इंजिनाचं वाटलं? बघितलंस तरी का?"

मी म्हणालो, "नाही सर. न बघताच लिहिलं."

मामा, मी बघितलं होतं. दाराशी उजेडात नेऊन बघितलं होतं. पण आळशी म्हणवून घेणं मला सोपं वाटलं.

दोन दिवसांनी अजेयला भेटायला हॉस्पिटलात गेलो. तो मलाच समजावू लागला. "ठोकळा मीच नीट बसवला नसणार रे. सरांना तसं सांगितलंय मी." तिथे मला बसवेना. तसाच सरांकडे गेलो आणि मला लाल रंग नीट कळत नाही हे सांगितलं.

ते म्हणाले, "प्रवेशाच्या वेळी डोळे तपासले होते ना?"

तपासले होते. ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचे असतात. मला दिसत नाहीत. मी ते पाठ केले होते.

सरांना इतकंच सांगितलं. पुढचं फक्त तुम्हाला सांगतोय. ती चित्रं आईने मिळवली होती. पंधरा दिवस रोज दुपारी ती समोर बसून एकेक चित्र पुढे करायची, मी आकडा म्हणायचो. चुकलो की म्हणायची, "हा कडेचा मोठा ठिपका लक्षात ठेव." हे कशासाठी, ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

या गुरुवारी माझा प्रवेश रद्द झाला. घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तेव्हा तर एकही चुकत नव्हता." थोड्या वेळाने म्हणाली, "नेहाला यातलं काही कळवू नकोस."

त्या संध्याकाळी बाबांनी मला बारा वर्षांपूर्वीच्या माझ्या मुंजीतली गोष्ट सांगितली. तुम्ही आईला म्हणाला होतात, "सरोज, याचे डोळे दाखवून घे, हे आपल्या घरातून आलेलं असतं." त्यावर तिने तुम्हाला पंगतीतून उठवलं. मला आजवर मामा भांडून गेले एवढंच माहीत होतं. गार्डन रीचला रेल्वेच्या तपासणीत तुम्हाला इंजिन ड्रायव्हर म्हणून नाकारलं, तेही उंची कमी पडली म्हणून, असंच घरात सांगतात.

काल मी नेहाताईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "प्रथमेशला दाखवून घेते." आईने माझं फोनवरचं बोलणं ऐकलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, ताट मात्र वेळेवर वाढते. अजेयलाही खरं कळवलंय. तो फोन उचलत नाही.

तुम्ही खरं बोललात आणि बारा वर्षं तुम्हाला बहीण राहिली नाही. ते दिवस कसे काढलेत, हे मला समोर बसून विचारायचं आहे. आईने तुम्हाला बोलावलेलं नाही. मी बोलावतोय. ती दार उघडेल की नाही, सांगता येत नाही. मी उघडेन.

तुमच्याच डोळ्यांचा,
हर्षद