गिरणीच्या कोपऱ्यापुढे

१६ ऑगस्ट २००९, रविवार

उमानं बनवलेल्या कॉम्प्युटर गेमवर पहिलं परीक्षण आलं. टोरांटोहून तिनं पाठवलं, खाली एवढंच: "आई, वाच. पण आधी चहा घे."

घेतला. मग वाचलं. लिहिणारा कुणी अमेरिकन मुलगा असावा. म्हणतो, 'अप्पा गोज आउट' हे या वर्षीचं सर्वांत विलक्षण स्वप्न. मेलेला माणूस फुलांच्या आसनात ताठ बसून गावातून निघतो, वाटेत लोक पाया पडतात, आणि तो मेलेला माणूस म्हणजे खेळणारे आपणच. चालता येत नाही, बोलता येत नाही, नुसतं बघता येतं. ज्याच्याकडे नीट बघू त्याला रंग चढतो. वीस मिनिटांत संपतं. अफाट कल्पनाशक्ती, 'सर्रियल', वगैरे.

कल्पनाशक्ती कसली. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवूनच नेतात आणि बसवूनच पुरतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत यांनाही, उमाच्या अप्पांना, तसंच नेलं. घरासमोरून, भांड्यांच्या दुकानांवरून, तालमीच्या दारावरून. मी गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत होते. आमच्या घरच्या बायका तिथून मागे फिरतात, सासूबाईंच्याही आधीपासून.

१९ ऑगस्ट

आणखी एक परीक्षण. हा गृहस्थ यांना बौद्ध भिक्षू समजलाय. "बुद्धासारखं निश्चल पद्मासन." कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्या म्हणजे म्हणे युद्धाचा रंग. हे असते तर दिवसभर आरशासमोर युद्धाला उभे राहिले असते.

मीनाला फोनवर वाचून दाखवलं. कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसायचो, अजून एकमेकींचं इंग्रजी तपासतो. ती म्हणाली, "आपल्या सिस्टरनी 'सर्रियल'खाली लाल रेघ मारली असती. व्हॉट डू यू मीन, चाइल्ड?" खूप हसलो. सिस्टरच्या हातांना खडू आणि लव्हेंडरचा वास यायचा. उगाच आठवलं.

३० ऑगस्ट, रविवार

आज लंडनच्या एका बाईंचं आलं. फार कौतुक नाही, पण सगळ्यांत नीट बघितलंय या बाईंनीच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला वजन आहे. दोरीवरचा ओला टॉवेल, हातगाडी बाजूला घेणारा माणूस, आपल्याकडे न बघणारं मांजर. कोपरा वळला की रस्त्याचं पाणी होतं, आसन तरंगू लागतं, घरं वाहत जातात. सुंदर आहे, पण इथून पुढे बनवणारीला वाट माहीत नाही. पहिला भाग आठवलेला, दुसरा रचलेला.

तीनदा वाचलं. मी कुठून परत फिरले ते या बाईंना तिकडे बसून कळलं.

उ. तेव्हा येऊ शकली नव्हती. पासपोर्ट व्हिसाच्या कचेरीत अडकलेला. नंतर कित्येक रविवार मी तिला फोनवर तो रस्ता सांगत होते. रडायची नाही. मधूनच, "उजवीकडे काय होतं? तो टॉवेल कुणाचा?" मला वाटायचं, मनाची समजूत घालतेय. ती चित्रं काढत होती.

संध्याकाळी तिचा फोन.

"ती बाई बरोबर आहे, आई."

मी म्हटलं, पाणी छान आहे की गं.

"छान आहे, पण खोटं आहे. तू कधी विचारलंस का कुणाला, पुढे काय झालं ते?"

नाही विचारलं. विचारायचे ते भावजींना. खड्ड्यात उतरून यांना हाताला धरून बसवलं ते त्यांनीच, धाकट्या भावानं. दर सोमवारी देवळातून येताना डोकावतात, चहा होतो, त्यांची शिरोलीची फाउंड्री, कामगार, वीज, सगळं बोलून होतं. हे सोडून.

७ सप्टेंबर, सोमवार

भावजी आले नाहीत. कारण काल कळलंच होतं. इथल्या एका पेपरात चौकट आली, 'परदेशातील कोल्हापूरकन्येच्या गेममध्ये अंत्ययात्रेची मजा'. मजा हा शब्द कुठून काढला देव जाणे. उ.ला पेपरवाल्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

मीच फोन केला. उचलला, पण आवाज वेगळा.

"वैनी, फाउंड्रीतली पोरं मला इच्यारत्यात, मालक, तुमच्या भावाला बटनं दाबून फिरवायचं असतंय व्हय? काय सांगू मी त्यास्नी?"

म्हटलं, बटणं नाहीत, नुसतं बघायचं असतं.

"त्ये आनिक वाईट की."

ठेवला.

२१ सप्टेंबर, सोमवार

आजही नाहीत. दूध जास्तीचं घेतलेलं, विरजण लावलं.

उ.ला नोव्हेंबरात एका मोठ्या प्रदर्शनात बोलावलंय. ज्या परीक्षणांनी कौतुक केलं त्यांच्यामुळेच. ती मात्र लंडनच्या बाईंचंच धरून बसलीये. म्हणाली, "अप्पांना पाण्यावर सोडून मी लोकांसमोर उभी राहणार नाही. काका सांगतील तर पुढचा भाग नव्याने करीन. नाही तर गेम काढून टाकते." म्हटलं, इतकी मेहनत केलीस. "मेहनतीसाठी नव्हता केला गं."

ती तशी बोलली की तिचे अप्पाच बोलल्यासारखं वाटतं. शेवटचा शब्द खाली टाकायची सवय.

म्हणजे आता भावजींकडे जाणं आलं. आणि भावजी सांगू लागले तर मलाही ते...

५ ऑक्टोबर, सोमवार

शिरोलीला जाऊन आले, रिक्षानं. परीक्षणांचं मराठी करून नेलं होतं. चार दिवस खपले. 'सर्रियल'ला काही सापडेना, 'स्वप्नासारखं' लिहून मोकळी झाले.

भावजी केबिनमध्ये. बाहेर भट्टीचा आवाज. बसा म्हणाले, चहा सांगितला, माझ्याकडे बघितलं नाही. मी कागद पुढे केले. पहिले दोन वाचून बाजूला सारले.

"लोकास्नी आवडलं. बरं हाय. मी काय करू?"

तिसरं वाचताना चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. परत वरपासून वाचलं.

"ही बाई कोन?"

"लंडनची. गेमवर लिहिते."

"आपल्यातली न्हाय?"

"नाही हो."

"मग हिला कुनी सांगितलं, गिरनीच्या म्होरलं खोटं हाय म्हनून?"

"कुणी नाही. बघून कळलं तिला."

त्या कागदावर हात ठेवला. "हुशार हाय," म्हणाले. मग, "पोरीनं पान्यात घातलंय व्हय दादाला?" रागानं नव्हे. विचारल्यासारखं.

निघताना फाटकापर्यंत आले. शनिवारी येतो म्हणाले, दाखवा काय केलंय ते.

१० ऑक्टोबर, शनिवार

आले. चप्पल काढून, हातपाय धुऊन कॉम्प्युटरसमोर बसले, देवघरात बसावं तसं. माउसला हात लावेनात. "तुमी न्या." मी नेलं.

आमचं दार दिसलं, भांड्यांची दुकानं दिसली. एका ठिकाणी म्हणाले, थांबा. टॉवेलला रंग चढेपर्यंत थांबलो. "त्यो पाटलाचा. अजून तितंच वाळत घालतोय." तालमीजवळ खुदकन हसले. का ते सांगितलं नाही.

मग गिरणी, कोपरा. पाणी आलं, आसन तरंगायला लागलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. संपलं, पडदा पांढरा झाला.

"मांडी चुकलीया," म्हणाले.

मला कळेना.

"दादाला पद्मासन कवा जमलं हो? गुडघा वाकायचा न्हाय. हितं पोरीनं कसं झ्याक बसीवलंय. घरातनं निघताना पाय बांधूनच बसीवलंता, तुमी बघितला न्हाईसा, वरनं शाल हुती. तितं खड्ड्यात उतरलो तवा मी विधी करनाऱ्या सामींना म्हनलं, जरा थांबा. बांधलेलं सोडलं. पाय सैल केला त्येचा. सरळच ठेवला, घरी टीव्ही बघताना ठेवायचा तसा. सामी म्हनाले, असं चालत न्हाय. मी म्हनलं, ह्येला चालतंय."

मी चहा टाकायला आत गेले. गॅस पेटवला, आधण ठेवलं. एवढी सगळी परीक्षणं वाचली. निश्चल, बुद्धासारखं, काय काय. त्या गुडघ्याला रोज तेल मी लावत होते आणि गेमवर माझीही नजर तिथं गेली नव्हती.

चहा पिताना म्हणाले, "उद्या पोरगीला सांगतो. सगळं." मग कप खाली ठेवून, "तुमी पन ऐकनार, वैनी?"

मी म्हटलं, "उद्या सहाला या, तिच्याकडे सकाळ असते," एवढंच.

११ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ

सहाच्या आधीच आले. इस्त्रीचा सदरा. पडद्यावर उ., केस ओले, समोर कागद-पेन्सिल. उ. म्हणाली, "काका, चिडलात?"

"चिडलो हुतो. आता ऱ्हाऊ दे."

"तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार."

"आधी आईक. मग काय करायचं त्ये कर." घसा खाकरला. "गिरनीपास्नं सांगू, का घरापास्नं?"

मला वाटलं, गिरणीपासून म्हणेल. पहिला भाग तर झालेलाच आहे, सगळ्यांनी वाखाणलेला.

"घरापासून," उ. म्हणाली. "आईनं खालून बघितलं होतं. तुम्ही खांदा दिला होतात."

मी उठून आत आले. हे जेवणाच्या टेबलाशी लिहितेय. मधलं दार लोटलेलं नाही. लोटावं असं मनात आलं, हात गेला नाही. भावजींचा आवाज भट्टीवर बोलायची सवय असलेला, भिंतीलाही ऐकू जाईल. उंबऱ्याशी आसन तिरकं झालं तेव्हा कोण ओरडलं ते सांगताहेत. ते मला ठाऊक नव्हतं. मी तिथंच उभी होते तरी.

उ. काहीतरी विचारतेय, टॉवेलबद्दल. भावजी हसताहेत.

भांड्यांची दुकानं मागे पडली. आता तालीम आली. तिथं पोरांनी आसन खाली टेकवायला लावलं, हार घातला, एकजण आसनाला डोकं लावून रडला, नाव सांगताहेत. यानंतर उतार, उताराखाली गिरणी.

उ.नं हाक मारली. "आई, आत काय करतेयस?"

लिहितेय, म्हटलं.

भावजी बोलायचे थांबलेत. दोघंही थांबलीयेत, गिरणीच्या अलीकडेच, माझ्यासाठी.