सलालाहमध्ये काय काय पाहिलं नाही

१ ऑगस्ट २०१६, सकाळ

आजपासून रोज लिहायचं. एस.टी.च्या महाड डेपोत हेल्पर होतो तेव्हाची शिकवण आहे. ज्याच्याकडे लिहिलेलं असतं तो सुटतो, बाकीचे मेमो खातात. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर चांगलं.

घरात काहीतरी शिजतंय. प्रफुल्ल पोर्टवरून आला की आधी स्वतःच्या खोलीत जायचा. हल्ली माझ्याजवळ बसतो. बाबा, चहा घेतला का, विचारतो. मुलगा बापाला विनाकारण चहाचं विचारत नाही.

तृप्तीही गोड बोलते. सून गोड बोलली की आधी आपले खिसे तपासावेत.

१ ऑगस्ट, दुपार

कारण सापडलं. पलंगाखाली नवी बॅग आहे. निळी, चाकांची. एकच.

महाडहून इथे ओमानला मी आणि बायको अनुसया, दोन माणसं आलो जूनमध्ये. बॅग एक.

२ ऑगस्ट

खाली सादिकचं टेलरिंगचं दुकान आहे. रत्नागिरीकडचा, इथं मुरलेला. सहज विचारल्यासारखं विचारलं, इथं पाहुण्यांना परत कसं पाठवतात? तो हसायला लागला. म्हणाला, काका, सोपं असतं. आधी बॅग येते. मग त्यात दूध पावडर, बाम, साबण, चॉकलेट, खजूर भरायला घेतात. दर शुक्रवारी पाहुण्याला एकेक ठिकाण दाखवतात. ठिकाणं संपली की तिकीट. खलास!

मी विचारलं, आणि ठिकाणं संपलीच नाहीत तर? म्हणाला, मग काय, पाहुणा राहतो इन्शाल्ला! आणि मोठ्याने हसला. खरं बोलून गेलेला माणूस असाच हसतो.

वर आलो तर प्रफुल्ल म्हणतो, बाबा, शुक्रवारी दर्बातला जाऊ.

२ ऑगस्ट, रात्री

डाव सगळा लक्षात आला. यांना अनुसया हवी आहे. ती भाकऱ्या करते, इथेच वाढलेल्या नातीला, किशोरीला, शाळेच्या बसपर्यंत सोडते, तृप्तीच्या केसांना तेल लावते. माझा उपयोग काय, तर मी टी.व्ही.चा आवाज कमी करायला सांगतो. म्हणजे हिला ठेवणार आणि मला एकट्याला महाडला पाठवणार.

महाडच्या घरी एकटं राहायची मला भीती वाटते असं मुळीच नाही. फक्त घरात कोणी नसलं की रात्री भांडी आवाज करतात. आणि चहा एकट्यापुरता करायला गेलं की नेहमी दोन कप होतो.

ठराव: एकही ठिकाण पूर्ण पाहायचं नाही. पाहिलंच नाही तर संपणार कसं?

५ ऑगस्ट, शुक्रवार

दर्बात. इथं पावसाळ्याला खरीफ म्हणतात. पाऊस कसला, गाळणीतून पडल्यासारखी भुरभुर. पण मस्कतची माणसं गाड्या भरभरून ती बघायला येतात. आमच्या महाडच्या पावसाचं तिकीट लावलं असतं तर आज नगरपालिका श्रीमंत असती.

वादीत, म्हणजे दरीत, तळं आहे, हिरवे डोंगर, पायाने चालवायच्या बोटी. मी बोटीत उलटं तोंड करून बसलो. मागचं धुकं तेवढं दिसत होतं. ठरावाप्रमाणे सगळं व्यवस्थित चाललं होतं. पण तृप्तीला पेडल मारता येईना, बोट गोल फिरली आणि अख्खं तळं, डोंगर, उंटांचा कळप माझ्यासमोर येऊन उभा राहिला. लगेच चष्मा काढला. चष्म्याशिवाय पाहिलेलं मोजत नाहीत.

धबधबा पाहिला नाही. पोटात दुखतंय म्हणून गाडीत बसून राहिलो. हिने तीन माणसांना बाजूला सारून सगळ्यात पुढे जाऊन पाहिला. पाय दुखतात म्हणायची ना ही?

दर्बात अर्धं शिल्लक.

८ ऑगस्ट

बॅगेत दूध पावडरचे दोन डबे आले. वर बामच्या बाटल्या.

ठराव: रोज एक वस्तू काढायची. इथली बॅग भरल्याशिवाय निघत नाही हे सादिकच्या बोलण्यावरून सिद्ध आहे. दूध पावडरचा एक डबा वॉशिंग मशीनच्या मागे ठेवला. तिथे कोणी बघत नाही.

१० ऑगस्ट

तृप्ती हिला विचारत होती, आई, डबे दोन आणले होते ना मी? ही म्हणाली, असेल कुठेतरी. आणि माझ्याकडे बघितलं. मी पेपर वाचत होतो. पेपर इंग्रजी होता, नंतर लक्षात आलं.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

मुघसैलचा समुद्र. तिथे खडकाला भोकं आहेत. लाट आली की खालून पाणी तोफेसारखं वर उडतं. प्रफुल्लने गाडीतच सगळं सांगायला घेतलं. मी कानांत बोटं घातली. ऐकणंही अर्धं पाहणंच.

गाडीतून उतरायचं नाही असं ठरवून टॉवेल तोंडावर घेतला. तेवढ्यात किशोरी ओरडत आली, आजोबा, आजी एकदम त्या होलजवळ गेला! टॉवेल टाकून पळालो. ही भोकावरच्या जाळीपाशी उभी, पदर खोचून, लहान मुलीसारखी. म्हटलं, मागे ये, पाय घसरेल! त्याच वेळी पाणी उडालं. मी डोक्यापासून चपलेपर्यंत भिजलो. हिच्या अंगावर थेंब नाही. एक ओमानी कुटुंब टाळ्या वाजवत होतं.

अंगावर येणं वेगळं आणि पाहणं वेगळं. डोळ्यांत खारं पाणी गेल्याने मला काहीही दिसलं नाही. मुघसैल शिल्लक.

१३ ऑगस्ट

सर्दी. तृप्तीने काढा दिला. मुद्दाम कडू केला असणार. बरा झालो म्हणजे प्रवासाला मोकळा.

१६ ऑगस्ट

साबण, चॉकलेटची पिशवी आणि ब्लँकेट मशीनच्या मागे. ब्लँकेट कोंबताना कंबर धरली. खजुराचा डबाही नेला. जड होता, म्हणून चार खाल्ले. शुगरला चार चालतात.

१७ ऑगस्ट

खजूर अजून जडच होता.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

आज मिरबातच्या रस्त्यावर एक फसवाफसवीची जागा. म्हणे गाडी न्यूट्रलला टाकली की आपोआप चढ चढते. मी डेपोत आयुष्य काढलं. चढावर गाडी मागे येते, म्हणून चाकाला लाकडी ओंडका लावतात. ते काम मीच करायचो. प्रफुल्लला म्हटलं, तुझा पाय कुठे आहे बघू. म्हणाला, बाबा, पाय वर घेतलाय, तुम्ही बाहेर बघा की. बघा म्हणाला, तिथेच मी ओळखलं. डोळे गच्च मिटले.

किशोरी म्हणाली, आजोबा, तू डोळे का बंद केला? दिस इज चीटिंग!

गाडी हलल्यासारखी वाटली. कुणी ढकलली असेल. थांबल्यावर डोळे उघडून मागे पाहिलं, ही मान टाकून झोपली होती. ही पण साधी नाही. मला एकट्याला अडकवून स्वतः झोपा काढते.

जागा पूर्ण शिल्लक.

२४ ऑगस्ट

संशयाची खात्री झाली. प्रफुल्ल फोनवर विमान कंपनीशी बोलत होता. मस्कतला विमान बदलायचं आहे, व्हीलचेअर लिहा म्हणाला.

व्हीलचेअर! म्हणजे मला खुर्चीत घालून ढकलत नेणार. तोंडाने बोलायचं धाडस नाही पोराला. याला खांद्यावर बसवून गांधारपाल्याची लेणी दाखवायला पायऱ्या चढलो होतो. तेव्हा मी नव्हती व्हीलचेअर लिहिली.

हिला सांगितलं नाही. ही त्यांच्यातलीच आहे की काय तेही कळत नाही. हल्ली सकाळची बुद्धवंदना झाली की गॅलरीत जाऊन हळू आवाजात फोनवर बोलते. मी गेलो की म्हणते, महाडच्या मंडळातल्या बायका आहेत.

बायका इतका वेळ काय बोलतील?

२६ ऑगस्ट, शुक्रवार

आज समहरम. प्रफुल्ल म्हणाला, बाबा, मोठं असं हे शेवटचंच राहिलंय. शेवटचं! समोरासमोर सांगितलं.

जुनं बंदर होतं तिथे, मोठं शहर, लोबान जहाजात भरून बाहेर जायचा. आता कमरेएवढ्या भिंती आहेत. खाली खाडी. आमची लेणी दोन हजार वर्षांची, छतासकट उभी आहेत, हे मी आधीच सांगून टाकलं. आणि दारातल्या दगडावर बसलो. इथून पुढे एक पाऊल टाकायचं नाही. एवढा एक किल्ला लढवायचा.

बराच वेळ लढवला. मग दिसलं, ही आणि तृप्ती पार टोकाला भिंतीआड बोलत उभ्या आहेत. तृप्तीने हिच्या खांद्यावर हात ठेवलेला. ही डोळे पुसतेय. माझाच विषय. दुसरा असूच शकत नाही.

जवळ जाऊन ऐकायलाच हवं होतं. वाकून भिंतीच्या आडोशाने निघालो. धान्याच्या कोठारातून गेलो, देवळातून गेलो, विहिरीला वळसा घातला, एका घराच्या जिन्यावर चढलो, उतरलो. रस्ता चुकलो आणि पुन्हा देवळात आलो. पोहोचलो तेव्हा दोघी गप्प झाल्या. पहारेकरी लांबून हात हलवत म्हणाला, गुड, गुड, बाबा, यू सी एव्हरीथिंग!

घात झाला. समहरम संपूर्ण पाहून झालं.

२६ ऑगस्ट, रात्री

जेवताना विचारलंच. ताट सरकवलं आणि म्हटलं, स्पष्ट सांगा, मला कधी पाठवताय?

प्रफुल्लने घास तसाच धरला. म्हणाला, तुम्हाला कुठे? तृप्तीने हिच्याकडे बघितलं. ही शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, तुम्ही कुठे चाललाय? मी चाललेय.

बॅग हिची. तिकीट हिचं. महाडच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे. यंदा शेवटचा महिना वाचायचा मान मंडळाने हिला दिला आहे. आश्विन पौर्णिमेला सांगता. गॅलरीतल्या फोनवर तेच चालायचं. माझ्या शुगरच्या तपासण्या इथे लागल्यात, गोळ्या तृप्ती बघते, म्हणून मी इथेच राहायचं. हे ठरलेलं. माझ्याशिवाय.

म्हटलं, मग मला आधी का नाही सांगितलंस?

म्हणाली, आधी सांगितलं असतं तर तुम्ही आजारी पडला असता.

प्रफुल्ल म्हणाला, बाबा, तुम्ही इथे रमलात की आईला निवांत जाता येईल, म्हणून तर दर शुक्रवारी फिरवत होतो. तुम्ही गाडीतून उतरतच नव्हता.

मी म्हटलं, एकटी कशी राहशील घरात? हिने मोडलेला तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाली, लग्न झाल्यापासून त्या घरात मी एक रात्र एकटी राहिले नाही. कसं असतं ते बघते जरा.

मी भांड्यांच्या आवाजाचं सांगणार होतो. राहिलं.

३० ऑगस्ट

आजारी पडायचा विचार केला. ताप मोजला. नॉर्मल. थर्मामीटर चायनाचं आहे.

७ सप्टेंबर

सलालाह एअरपोर्ट. ठराव केला होता की पडलेल्या चेहऱ्याने उभं राहायचं, म्हणजे तिला वाईट वाटेल. पण बॅग काट्यावर ठेवली आणि मला आठवलं. सामान तर मशीनच्या मागे! बॅग मात्र पुरत्या वजनाची भरली.

ही जवळ येऊन हळूच म्हणाली, मशीनच्या मागचं सगळं मी काल रात्री परत भरलं. खजूर तेवढा नेत नाही. तळाला पाच-सहा उरलेत. मंडळात काय दाखवू, डबा?

मग व्हीलचेअर आली. दगडधोंड्यांतून हरणासारखी हिंडलेली बाई तीत जाऊन बसली. साडी सारखी केली, पर्स मांडीवर घेतली. मस्कतला रस्ता चुकायला नको म्हणून हीच युक्ती करतात म्हणे. माणूस ढकलत घेऊन गेला. एखादी मंत्रीणबाई जावी तशी. काचेच्या दारापाशी मागे वळून बघेल असं वाटलं.

खुर्चीतून वळता येत नसेल.

२५ सप्टेंबर

खरीफ संपला. धुकं गेलं. प्रफुल्लला म्हटलं, या शुक्रवारी दर्बातचा धबधबा दाखव. म्हणाला, बाबा, आता कुठला? कड्यावरचं पाणी आटलं.

सादिकला विचारलं, गेलेला पाहुणा परत कधी येतो? म्हणाला, काका, काही बघायचं राहिलं असेल तर येतो. या वेळी हसला नाही.

घरी येऊन विचार केला. हिने सगळंच पाहिलंय. धबधबा, मुघसैल, समहरम. मग आठवलं! मिरबातचा चढ! तिथे ही झोपली होती. लगेच फोन लावला. मागे बायकांचा गलका. पटकन बोला म्हणाली, पोथी उघडलीय. म्हटलं, तुझी एक जागा बघायची राहिलीय, त्यासाठी यायला लागेल. गाडी आपोआप चढते ती. तू झोपली होतीस.

ही हसायला लागली. म्हणाली, झोपले कुठे? तुम्ही डोळे गच्च मिटून बसलेले, बघून हसू आवरेना, म्हणून मान खाली घातली. चढ बघितला मी सगळा.

मी विचारलं, खरंच चढते का गाडी?

हो, म्हणाली. खरंच चढते. आणि ठेवला फोन.