डोळे ठणठणीत

३ सप्टेंबर, शनिवार
विसावं इंजेक्शन झालं. दर शनिवारी एक, एकूण अठ्ठेचाळीस घ्यायची. पांढऱ्या काविळीला राहुरीच्या हद्दीबाहेर काढणार म्हणजे काढणार. नगरच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलंय, या इंजेक्शनवर डोळ्यांचा पडदा तपासत राहा, धूसर दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. लिव्हरच्या औषधाचा डोळ्यांशी काय संबंध? एकतीस वर्षं चर्चमध्ये बायबलमधला शास्त्रपाठ वाचतोय. तपासणी पुढच्या महिन्यात करू.

११ सप्टेंबर, रविवार
वाचताना मधल्या ओळीवर डाग. चर्चची प्रत जुनी झाली. पाळकांना नवी घ्यायला सांगणे.

१२ सप्टेंबर
घरच्या प्रतीवरही तोच डाग. बायको लिडिया म्हणते, पान स्वच्छ आहे. तिचेच डोळे तपासून घ्यायला हवेत.

२० सप्टेंबर
ट्यूब बदलली. नवीही मंदच. कंपन्या लुटायला बसल्यात.

२४ सप्टेंबर, शनिवार
तेविसावं. सिस्टरनी विचारलं, नजर कशी आहे, सर? ठणठणीत म्हणालो. खरं सांगितलं तर इंजेक्शन बंद करतील. वडील याच काविळीत पोटात पाणी होऊन गेले, शेवटी त्यांना उताणं झोपता येईना. मला तसं मरायचं नाही. लई भीती वाटते.

२ ऑक्टोबर, रविवार
तोडगा सापडला. रविवारचे पाठ महिनाभर आधी छापून मिळतात. लिडियाला म्हटलं, तुझं वाचन कच्चं आहे, रोज मोठ्याने वाच. ती वाचते, मी पाठ करतो. आज एकही चूक नाही. शाळेत तीस वर्षं पोरांकडून पाठांतर करून घेतलं, ते वाया गेलं नाही.

९ ऑक्टोबर, रविवार
सुरुवातीलाच पाळकांनी हातात चिठ्ठी दिली. सहलीची नोटीस असेल म्हणून खिशात घातली. उभा राहिलो, अध्याय म्हटला. आमच्याकडे सगळे आपापलं शास्त्र उघडून ओळीवर बोट ठेवून ऐकतात. आज पानांची खूप फडफड झाली. मग एकेक पुस्तक मिटल्याचा आवाज. वाटलं, गुंगून ऐकताहेत.
घरी येऊन लिडियाने चिठ्ठी वाचली. पाळकांनी आजचा पाठ बदलला होता. कुणी मला मध्ये थांबवलं नाही. सगळ्यांना कळलं होतं तर.
पायऱ्या उतरताना तिने माझा हात धरला होता. चारचौघांत, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

१० ऑक्टोबर
उद्या डॉक्टरांना फोन. नक्की. फक्त शनिवारचं इंजेक्शन होऊन जाऊ दे.

६ नोव्हेंबर, रविवार
अक्षर लिडियाचं, मजकूर माझा.
काल तिने धरून नगरला नेलं. दोन्ही पडद्यांवर रक्तस्राव. डाव्या डोळ्याला उजेड तेवढा कळतो. उजव्याने माणूस दिसतो, अक्षर दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, सप्टेंबरात आला असतात तर बहुधा भरून आलं असतं. इंजेक्शन बंद. मी विचारलं, मग काविळीचं काय?
"गोळी आहे की. रोज एक. एक फोन करायचा होता, सर."
आज शास्त्रपाठ दुसऱ्या कुणीतरी वाचला. बरा वाचला. थोडा घाईत.
लिहायला वही उघडली तर लिडिया थांबली. म्हणाली, "अहो, दहा तारखेनंतरची पानं कोरीच हायेत की."
शक्यच नाही. त्या दिवसापासून रोज लिहिलंय, एक दिवस चुकवला नाही. तिने माझं पेन घेऊन आपल्या तळहातावर ओढून पाहिलं. रिफिल संपलेली.
काय लिहिलं होतं, तिने विचारलं. मी म्हणालो, विशेष काही नाही.
रोज एकच ओळ होती. उद्या डॉक्टरांना फोन करणार.
हे तिला सांगायचं नव्हतं. पण आता लिहिणारी तीच.