कराराचे सतरा फायदे

३ फेब्रुवारी. सकाळी ७.१०
करार झाला. पेपरात पहिल्या पानावर फोटो. आपले मंत्री, पलीकडचे मंत्री, दोघांच्या हातात एकच पेन. 'सर्वंकष मुक्त व्यापार करार'. सीमा इथून बसने दीड तास. म्हणजे करार जवळजवळ माझ्यासाठीच झालाय म्हणायला हरकत नाही.
बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, आपल्या रबरी शिक्क्यांना पलीकडे कोण विचारणार? म्हटलं, देश तिथे ऑफिस, ऑफिस तिथे शिक्का. यावर ती निरुत्तर झाली. (दूध उतू जात होतं म्हणून आत गेली, पण निरुत्तरच.)
संकल्प : पलीकडची भाषा शिकणे. निर्यात. रोज सकाळी फिरायला जाणे. परदेशी पाहुण्यांसमोर पोट बरं दिसत नाही.

४ फेब्रुवारी
फिरायला गेलो नाही. गार होतं.
मिस्त्रींना करार समजावला. कारखान्यात आम्ही दोघंच. कारखाना म्हणजे घरामागची लांब खोली : पुढे मी आणि रबर, मागे मिस्त्री आणि त्यांचं लेथ मशीन. शिक्क्यांच्या लाकडी मुठी तेच कातून देतात, बावीस वर्षं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, माल अडवायचाच नसेल तर कस्टम नाक्यावर शिक्के कशाला लागतील? आपला निम्म्याहून जास्त माल नाक्यालाच जातो : 'तपासले', 'शुल्क भरले', 'थांबवा'. साधा माणूस. फळ्यावर बाण काढून दाखवलं. व्यापार वाढला की ट्रक वाढणार, ट्रक वाढले की कागद, कागद वाढले की शिक्के. 'बरं,' म्हणाले. पटलं असावं.

११ फेब्रुवारी
व्यापारी मंडळात माझं भाषण ठरलं. विषय मीच सुचवला : 'कराराचे सतरा फायदे'. सध्या नऊ आहेत. बाकीचे उभं राहिल्यावर सुचतील.
भाषेचं पुस्तक आणलं, 'तीस दिवसांत'. आज एका बैठकीत चार धडे. या वेगाने आठवड्यात संपेल.

१९ फेब्रुवारी
भाषण उत्तम झालं. पंधरा माणसं, त्यात खुर्च्या लावणारे तीन. 'जवळच्या भागीदारांमध्ये भिंत कशाला?' या वाक्याला टाळी. अकराव्या फायद्यापर्यंत आलो आणि चहा आला.
एका शिंप्याने विचारलं, करार वाचलात का? म्हटलं, वाचतोय. खोटं नाही. आठशे चाळीस पानांची प्रत मागवून घेतली, प्रस्तावना झाली. फार सुंदर आहे. मागची शुल्काची कोष्टकं राहिलीत, पण तिथे नुसते आकडे.
भाषेचं पुस्तक : धडा चौथा.

२ मार्च
नाक्याची वार्षिक ऑर्डर आली. शिक्क्याचा मजकूर : 'करारान्वये मुक्त'. नग : एक.
बायको म्हणाली, एकच? तिला समजावलं, हा नमुना असतो. मोठी ऑफिसं आधी एक घेऊन बघतात. तिने आठवण करून दिली की गेल्या वर्षी चाळीस डझन न बघताच घेतले होते.
तिच्या स्वभावातच शंका आहे.

९ मार्च
नाक्याच्या साहेबांचं पत्र. 'यापुढे शिक्क्यांची आवश्यकता राहिलेली नाही, नोंदी संगणकावर होतील.' भाषा संदिग्ध आहे. आवश्यकता नाही म्हणजे इच्छा नाही असं होत नाही.
पत्र कुणाला दाखवलं नाही. बायकोने ते टेबलावर पडलेलं पाहिलं आणि घडी करून खणात ठेवलं.

१७ मार्च
धंद्यात पुढचं पाहावं लागतं. स्मरणार्थ शिक्का काढतोय : एकमेकांत गुंफलेले दोन हात, खाली पलीकडच्या भाषेत 'जवळचे भागीदार'. मजकूर मीच तयार केला, धडा चार आणि शब्दसूची. पलीकडून शिष्टमंडळ येतंय, प्रत्येकाला एक, शिवाय विक्रीला. दीडशे करतोय. बायको म्हणाली, कुणा जाणत्याला दाखवून घ्या. आता घरात जाणता मी असताना बाहेर कुठे जाऊ?

२६ मार्च
दीडशे मुठी झाल्या, आता मिस्त्रींना काम नाही. तरी नऊला येतात, डबा खुंटीला लावतात, मशीन पुसतात. पडलेल्या लाकडाच्या तुकड्यांपासून बायकोला स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांच्या मुठी करून दिल्या. लाकडाची उधळपट्टी. बोलणार होतो, पण मूठ हातात घेतली आणि राहून गेलं. बरी बसते हातात.
दुपारी दोघं कराराची कोष्टकं वाचत बसतात. ती वाचते, ते पेन्सिलीने खुणा करतात. त्यांना करमणूक नाही दुसरी.

२ एप्रिल
बायकोने जेवताना सांगितलं की शिक्क्यांवर पलीकडे कधीच शुल्क नव्हतं. करारापूर्वीही शून्य, आताही शून्य. म्हटलं, याचा अर्थ आपण काळाच्या पुढे होतो.
ती म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं कुणी अडवलं नव्हतं, तरी कुणी मागितले नाहीत. आणि लाकडी मुठींवर मात्र पस्तीस टक्के होतं, ते आता शून्य झालंय.
मुठींचा काय संबंध? भात थोडा जास्त खाल्ला गेला.

८ एप्रिल
स्वतः नाक्यावर जाऊन आलो. साहेब प्रेमाने भेटले. खिडक्या बंद, रांगा नाहीत. ट्रक आता फक्त पाणी प्यायला थांबतात, म्हणाले. मग शिपायाने आतून खोकं आणलं. माझेच शिक्के, गेल्या वर्षीचे, कागदात गुंडाळलेले. 'तुमच्याकडेच राहू देत,' साहेब म्हणाले. 'फेकायला जीव होत नाही.'
परतीच्या बसमध्ये खोकं मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय आहे? म्हटलं, नाजूक सामान.
माल उत्तम स्थितीत परत आला, हेही खरं.

२१ एप्रिल. संध्याकाळ
शिष्टमंडळ आलं. सहा जण. माझी पोटाची अडचण कोटाच्या बटणांनी उघडी पाडली, पण ते सोडा. सगळ्यांना शिक्का दिला. त्यांनी उमटवून पाहिला. एकमेकांकडे पाहिलं. सुऱ्यांचा कारखाना असलेल्या एक बाई होत्या, मी त्यांची भाषा बोलतो त्यापेक्षा त्या आपली फार बरी बोलतात. त्यांनी हळूच सांगितलं की शिक्क्यावर लिहिलंय, 'भागीदार पाहिजे, जवळच चौकशी करावी.'
शब्दसूचीचा दोष. पुस्तकवाल्याला पत्र लिहिणार.
बाईंना तरी आग्रहाने कारखाना पाहायला घेऊन आलो. रबर दाखवलं, साचे दाखवले, बावीस वर्षांचा इतिहास सांगितला. त्या 'छान छान' म्हणत होत्या. मग बायकोने चहाला आत बोलावलं. ती लिंबू कापत होती. बाईंनी तिच्या हातातली सुरी मागून घेतली आणि मूठ अशी धरून बसल्या की चहा निवला.

२२ एप्रिल
बाई आज पुन्हा आल्या. माझ्याशी पाच मिनिटं, आत तीन तास. बायकोने कोष्टकाचं पान काढून दाखवलं, बाईंनी मान डोलावली. त्यांनीही तेच पान आणलं होतं. आमच्याकडे पोलाद आहे, म्हणाल्या, चांगलं लाकूड आणि असा हात नाही. दोनशे मुठींचा नमुना हवा.
मला वाटतं, शिक्क्यांनी त्या इतक्या भारावल्या की सरळ मागायचा संकोच वाटला.

३० एप्रिल
मिस्त्रींना म्हटलं, मुठींचं काम घ्या, पण कारखान्याचा मुख्य माल शिक्काच राहील, हे लक्षात असू द्या. त्यांनी मशीन बंद केलं. ते कधी करत नाहीत.
'मालक,' म्हणाले, 'बावीस वर्षं मी मूठ केली आणि लोकांनी रबर पाहिलं. एकदाची कुणीतरी मूठ पाहिली. एवढं होऊ द्या.'
शिक्क्याचा साचा पुसत बसलो, पुसलेलाच होता. मग त्यांना चहा करून दिला. साखर विसरलो. त्यांनी प्यायला.

२० मे
नमुना पसंत. महिन्याला दोन हजार मुठी. लेथ मशीन दुसरं लागेल, जागा लागेल. बायकोने सरळ विचारलं, तुमचं पुढचं टेबल हलवू का? म्हटलं, तात्पुरतं हलवा. ते जिन्याखाली गेलं. तिथे उजेड कमी आहे, पण एकाग्रता होते.

४ जून
व्यापारी मंडळाने कराराचा प्रत्यक्ष फायदा झालेल्यांचा सत्कार केला. आमच्या घराला बोलावणं. दोन वाक्यं तयार करून ठेवली. व्यासपीठावर बोलावलं बायकोला आणि मिस्त्रींना. मिस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात फूल कसं धरायचं त्यांना कळेना. बायको चारच वाक्यं बोलली, त्यातलं एक माझ्याबद्दल : 'करार झाल्याचं मला यांच्याकडूनच कळलं.' टाळ्या.
खुर्चीत बसून मीही वाजवल्या. थोड्या जास्तच वेळ.

२८ जून. दुपार
निर्यात नोंदणीचा फॉर्म आला. अक्षर चांगलं म्हणून भरायला मला बसवलं. मालक : बायकोचं नाव. भागीदार : मिस्त्री. सगळ्यात खाली 'इतर कर्मचारी (असल्यास)' आणि समोर 'हुद्दा'.
नाव लिहिलं. हुद्द्यात 'मुख्य सल्लागार, आंतरराष्ट्रीय व्यापार' लिहायला घेतलं, रकाना 'आंतररा'पाशी संपला. बायकोने चष्मा लावून वाचलं. रागावली नाही. सरकारी कागद आहे, खरं तेच लिहा, म्हणाली, आणि दुसरा कोरा फॉर्म पुढे ठेवला.
मग काय लिहू, विचारलं. तिने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी भिंतीपाशी रचलेल्या खोक्यांकडे पाहिलं.
'पॅकिंग,' ती म्हणाली.
लिहिलं. मावलं. जागाही उरली.