बावीस गोण्यांची नाचणी

१४ जून
खांदे गेले कामातून! चार मजले चढून बावीस गोण्या माती गच्चीवर नेली. माती, शेणखत आणि बियाणं आईकडचं, टोकावड्याहून टेम्पोने आलेलं. गोण्या समोरच्या बांधकामावरून मागून आणल्या.

शहापूरच्या शेती-प्रशिक्षणात सांगितलं तसंच सगळं करणार. मातीवर सुक्या पाल्याचं पांघरूण, भाजी धुतलेलं पाणी, पालापाचोळा जाळणं बंद. पाऊस हल्ली कधी दडी मारेल नेम नाही, म्हणून नाचणी. कमी पाण्यात तग धरते.

आमचा सेक्रेटरी रत्नदीप म्हणतो, "ताई, दसऱ्यापर्यंत टाइम. पीक दिसलं नाही तर गच्ची रिकामी. पत्रे टाकून हॉल करायचा ठराव आहे."

दिसेल की! न दिसायला काय झालं? आपल्या डोक्यावर एवढी जागा उन्हात नुसती तापते. तिथे हॉल म्हणे! मी असताना तरी होत नाही.

९ जुलै
विरळणी केली. गोण्यांत दोन तऱ्हेची रोपं होती — काही जाडजूड, काही किडकिडीत. किडकिडीत सगळी उपटली. टोपलीभर निघाली! मागच्या कठड्यावरून खाली दिली फेकून, पंपाच्या खोलीमागे. पावसाळ्यात तिकडे सापांच्या भीतीने चिटपाखरू जात नाही.

तेवढ्यात आईचा फोन. "बुडखा बघून उपट गो चंद्रे. पांढरा, चापट असंल ती रान-नाचणी. शेणखतातून येते." मला शिकवते! कळायला लागल्यापासून नाचणीची भाकरी खातेय मी. वर आणखी — "वीत-वीत मोजून काय लावतंस? आमी माळावर रोपं उडवून देतो. पडतील तिथं धरतात."

आई, हे शास्त्र आहे, म्हटलं. आणि फोन ठेवला.

११ ऑगस्ट
तेरा दिवस झाले, पावसाचा थेंब नाही. सोसायटीच्या कुंड्यांतल्या गुलाबांनी माना टाकल्या. माझ्या गोण्या हिरव्यागार! तिसऱ्या मजल्यावरची संजीवनी फोटो काढून गेली. "ताई, पुढच्या वर्षी मला पण शिकवा." शिकवीन ना!

आणि कणसं आली! बारीक आहेत, पण आली! गावच्या नाचणीला अजून पत्ता नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "इतक्यात?"

बरोबर आहे. लेक पुढे गेलेली पचत नाही कुणाला.

२ सप्टेंबर
कणसं अजून बारीकच. भरतील.

३० सप्टेंबर
आई आली. चहासुद्धा न घेता गच्चीवर गेली. एका गोणीपाशी बसली, कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली. हातात काही उरलं नाही. मग दुसरी गोणी. मग तिसरी. मी मागेमागे.

"चंद्रे," ती हळूच म्हणाली, "ही सगळी रान-नाचणी हाय गो. गुरं खातील. माणसांची नाय."

साडेतीन महिने मी गवताला पाणी घातलं! आणि खरी नाचणी? ती किडकिडीत म्हणून मीच उपटली, माझ्या या हातांनी. तिथेच कठड्याला टेकून बसले आणि रडले. लाज वाटली, फार लाज वाटली. संजीवनीला काय सांगू? परवा दसरा, रत्नदीपला कुठल्या तोंडाने भेटू?

आई पाठीवरून हात फिरवत राहिली. 'सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाली नाही. फक्त विचारलं, "उपटलेली कुठं टाकलीस?"

मी कठड्याकडे बोट दाखवलं.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळीच आईने विळ्याने वाट करत पंपाच्या खोलीमागे नेलं. फुटक्या विटा आणि मुरुमाच्या ढिगावर माझी नाचणी उभी — कमरेएवढी! कणसं भरलेली, मुठीसारखी मिटलेली. हिला कुणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं.

रत्नदीपला बोलावलं. तो बघतच राहिला. "हॉलचं पुढच्या वर्षी बघू. पण ताई, इथे ही लावली कुणी?"

"तिनंच," आई म्हणाली. "आमच्यासारखी. उडवून."

मी तोंड उघडलं. आईने माझा हात दाबला. गप्प बसले — जन्मात पहिल्यांदा!